घरभाड्याच्या वादातली कायदेशीर नोटीस : कोणती, कोणाला, कशी आणि कोणत्या कागदांसह

महाराष्ट्रात घरमालक आणि भाडेकरूच्या वादात नोटीस लिहायला बसण्याआधी एक काम करायचं असतं : मूळ करार किंवा भाडेपावती काढून समोर ठेवायची. जागा लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरता जागा वापरण्याचा परवाना) दिली आहे की पावतीवरची, पागडीची (सुरुवातीला ठोक रक्कम घेऊन दिलेली) जुनी भाडेकरारी आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. नोटिशीतला मजकूर, मुदत, दाद मागायची जागा, सगळंच बदलतं. दोन्हींना कायदा एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू), पण त्यातल्या वाटा वेगळ्या आहेत. चुकीच्या वाटेची नोटीस पाठवली की समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

तिसरा प्रकारही लक्षात असू द्या. भाडेकरू म्हणून करारात कंपनीचं नाव असेल आणि त्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी रुपये किंवा जास्त असेल, तर कलम ३ मुळे हा अधिनियम लागूच होत नाही. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी घेतलेल्या फ्लॅटला बऱ्याचदा हे लागू पडतं. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०६ येतं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर महिन्याच्या भाडेकरारीसाठी १५ दिवसांची नोटीस, आणि हे १५ दिवस नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे.

जुनी भाडेकरारी : थकबाकीची नोटीस

इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू. भाडं थकलं म्हणून जागा परत मागायची असेल तर कलम १५(२) प्रमाणे आधी लेखी मागणी नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यानंतर ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. हे दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, पोस्टात टाकल्याच्या तारखेपासूनही नाहीत. भाडेकरूच्या हाती पडल्याच्या तारखेपासून मोजायचे. नोटीस ५ जानेवारी २०२६ ला पोहोचली तर ९० वा दिवस ५ एप्रिलला येतो. दावा ६ एप्रिलपासून पुढे. घाई करून मार्चअखेर दावा लावला तर तो मुदतपूर्व ठरतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

मजकूर साधा असावा. अशा नोटिशीचा गाभा इतकाच :

‘आपण सदर चाळीतील खोली क्र. ४ चे भाडेकरू असून दरमहा भाडे रु. ८५० आहे. एप्रिल २०२५ ते सप्टेंबर २०२५ या सहा महिन्यांचे एकूण रु. ५,१०० आपण दिलेले नाहीत. ही रक्कम ही नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत खालील बँक खात्यात भरावी किंवा रोख देऊन पावती घ्यावी. तसे न केल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १५ अन्वये जागेच्या ताब्यासाठी व थकबाकीसाठी आपणाविरुद्ध दावा दाखल केला जाईल.’

रक्कम महिन्यागणिक मांडा. भाडं, परवानगी असलेली वाढ, पाणीपट्टी किंवा करातला वाटा हे वेगवेगळे दाखवा. कलम ११ प्रमाणे वाढ वर्षाला ४ टक्के. मनाला येईल तो आकडा लिहून ‘२४ टक्के व्याजासह’ असं जोडलं की नोटिशीचं वजन वाढत नाही, कमी होतं. कायद्यातलं १५ टक्के सरळ व्याज कलम १५(३) मध्ये येतं, तेही दावा लागल्यावर. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी या व्याजासह न्यायालयात भरली, निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. थकबाकी वसुलीची मुदत ते भाडं देय झाल्यापासून तीन वर्षं आहे. दहा वर्षांचा हिशेब एकदम उकरून काढण्यात अर्थ नाही.

भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर ही नोटीस म्हणजे संधी आहे. पैसे ९० दिवसांत भरून टाका आणि भरल्याचा पुरावा उत्तराबरोबर जोडा. मालक मुद्दाम भाडं घेत नसेल, जुन्या इमारतींत हे सर्रास घडतं, तर बँकेत भरा किंवा मनीऑर्डर करा. परत आलेल्या मनीऑर्डरचा कागद जपून ठेवा. ‘देण्यास तयार व इच्छुक’ होतो, हे त्या एका कागदाने शाबित होतं. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पावती मिळत नसेल तर ती मागणारं पत्र पाठवून ठेवा.

इतर कारणांसाठी

पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, दावा लावण्याआधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा न वापरणे, मालकाची स्वतःची खरी गरज, ही कारणं कलम १६ मध्ये आहेत. यांसाठी ९० दिवसांची अट नाही. भाडे कायद्याखालील ताब्याच्या दाव्याआधी कलम १०६ ची नोटीस बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७९ मध्ये धनपाल चेट्टियार प्रकरणात सांगितलं. तरीही नोटीस द्यावी. फक्त काळजी इतकी घ्या की नोटिशीत लिहिलेलं कारण आणि पुढे दाव्यात मांडलेलं कारण एकच असेल. नोटिशीत ‘मुलाच्या लग्नासाठी जागा हवी’ आणि दाव्यात ‘दवाखाना काढायचा आहे’ असं झालं की उलटतपासणीत खरी गरज तिथेच ढासळते. गरजेच्या दाव्यात न्यायालय दोघांपैकी कोणाची अडचण जास्त हेही पाहतं. त्यामुळे कुटुंबात माणसं किती, सध्या राहता कुठे, दुसरी जागा आहे का, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

हे दावे बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतात. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

लिव्ह अँड लायसन्स : मुदत संपली, घर सोडत नाहीत

आज शहरांत बहुतेक फ्लॅट याच करारावर जातात. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीतून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट शाबित होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवलेला कागद नेमका या वेळी दगा देतो.

मुदत संपल्यावर परवाना आपोआप संपतो. कलम २४ प्रमाणे ताबा परत मिळवण्याचा अर्ज करायला वेगळी नोटीस कायद्याने सक्तीची नाही. तरी मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एक पत्र आणि संपल्यावर एक नोटीस द्याच. त्यात करार नोंदणी क्रमांक व तारीख, मुदत संपल्याची तारीख, ताबा देण्याची तारीख आणि दुप्पट भरपाईची मागणी असावी. मुदतीनंतर राहणाऱ्याला कलम २४(२) प्रमाणे लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. फी दरमहा २०,००० असेल तर ४०,०००.

या टप्प्यावर खात्यात नेहमीप्रमाणे भाडं जमा होऊ देणं आणि गप्प बसणं धोक्याचं. परवाना पुढे चालू ठेवला असा बचाव त्यातून उभा राहतो. रक्कम आलीच तर त्याच दिवशी लेखी कळवा की ती जागा वापरल्याच्या भरपाईपोटी, आपल्या हक्काला बाधा न येता घेतली आहे.

मुदतीपूर्वी करार संपवायचा असेल तर करारातलं नोटिशीचं कलम वाचा. साधारणपणे एक महिना असतो, आणि लॉक-इन (करार मोडायचा नाही असा ठरलेला काळ) असेल तर त्या काळात बाहेर पडण्याचे परिणाम तिथेच लिहिलेले असतात. लॉक-इन दोघांवर आहे की फक्त राहणाऱ्यावर, हे न बघता नोटीस पाठवली जाते आणि डिपॉझिटवरून भांडण पेटतं.

ताब्याचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच अधिनियमाखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) करायचा. सोबत लागणारे कागद : नोंदणीकृत कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा गोषवारा), मालकीचा पुरावा (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत, करपावती), नोटिशीची प्रत, बजावणीचा पुरावा, थकीत रकमेचा तक्ता, प्रतिज्ञापत्र. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र. मुखत्याराला दाव्याचे अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेले आहेत का, हे आधी तपासा. फक्त ‘भाडं वसूल करणे’ लिहिलेलं मुखत्यारपत्र पुरत नाही.

राहणाऱ्याने इथे एक मुदत डोक्यात ठेवावी. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातलं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (आदेश तपासून पाहण्याची विनंती) तेवढा करता येतो.

बजावणी आणि पुरावा

नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही, पण लेखी आणि सही केलेली हवी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये टपाल, प्रत्यक्ष हाती देणं, घरातल्या माणसाला किंवा नोकराला देणं आणि ते शक्य नसेल तर जागेच्या दर्शनी भागी चिकटवणं, हे मार्ग आहेत. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. म्हणून स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या. ट्रॅकिंगचं पान लगेच छापून ठेवा, काही काळाने ते दिसेनासं होतं.

पाकीट परत आलं तर शेरा वाचा. ‘घेण्यास नकार’ असेल तर योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल बजावलं गेलं असंच सामान्यतः धरतात. ‘अपूर्ण पत्ता’ किंवा ‘सोडून गेले’ असेल तर बजावणी झाली असं म्हणणं कठीण, पुन्हा पाठवावी लागते. परत आलेलं पाकीट फोडू नका, न्यायालयात बंदच दाखल करतात. विंग, मजला, पिनकोड करारातल्याप्रमाणेच लिहा, आणि सर्व भाडेकरूंची नावं घाला. मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या वारसांच्या नावे काढा. मृत व्यक्तीच्या नावची नोटीस निरुपयोगी. व्हॉट्सअॅप संदेश जोडपुरावा म्हणून चालतो, टपालाची जागा तो घेत नाही. न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

भाडेकरूने पाठवायच्या नोटिसा

मालक दुरुस्ती करत नसेल तर कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस द्या. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. वर्षाचं भाडं ९,६०० असेल तर २,४०० रुपये. दुरुस्ती भाडेकरूने करायची असं करारात ठरलं असेल तर हा मार्ग बंद. गळतीचे फोटो आणि बिलं तारखेसह ठेवा.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा किंवा लिफ्ट मालकाने मुद्दाम तोडली तर नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, कलम २९ खाली थेट न्यायालयात अर्ज करता येतो. कुलूप बदलून बाहेर काढलं असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांत ताब्याचा दावा करावा लागतो. ही मुदत चुकवू नका.

डिपॉझिट परत मिळत नसेल तर नोटिशीत चाव्या दिल्याची तारीख, वीजमीटरचं शेवटचं रीडिंग, भरलेली बिलं आणि मालकाने कापलेल्या प्रत्येक रकमेवर आक्षेप लिहा. ‘रंगाचे ३०,०००’ असा ठोक आकडा असेल तर बिल मागा. चाव्या नुसत्या वॉचमनकडे ठेवू नका. मालकाची सही असलेली पोच घ्या, तो भेटत नसेल तर चाव्या कुठे, कधी, कोणाकडे दिल्या हे त्याच दिवशी लेखी कळवा. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि नुसत्या नोटिशीने ती थांबत नाही.