लॅपटॉपला ऐकू येतं ते कानाला का येत नाही

पाऊस लागला आणि कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की आमच्या पेठेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोच, हॅम रेडिओचं (हौशी लोकांच्या बिनतारी संचाचं) सॉफ्टवेअर मोबाईलमध्ये टाकून ठेवा, नेटवर्क गेलं तरी जगात कुठंही बोलता येतं. नाही येत भावांनो. मोबाईलमध्ये लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह लहरींचा ट्रान्समीटरच नसतो आणि हॅम लोकांची काही ॲप तर इंटरनेटवरच चालतात, नेट गेलं की तीही गेली. रेडिओ वेगळा लागतो, अँटेना लागते, परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना काढावा लागतो, मग व्हीयू२ नाहीतर व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळतो.

मग सॉफ्टवेअर करतं काय? ऐकतं. रेडिओचा आवाज वायरनं लॅपटॉपच्या साउंड कार्डात जातो आणि तिथनं पुढं खरा नाद खुळा.

२०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ नावाची, छोटे निरोप सुरांतनं पाठवायची पद्धत आणली, डब्ल्यूएसजेटी-एक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, पल्सार नावाच्या ताऱ्यांचे बारीक सिग्नल गोंगाटातनं वेचणारा.

आता विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर उभे आहात असं समजा. डॉल्बी, ढोल, हलगी, सगळं एकदम, आणि लांब कोणीतरी एकाच सुरात शिट्टी वाजवतोय. कानाला ती जाणवणार नाही, पण फक्त तेवढाच सूर ऐकणारा कान असता तर? बाकीचा गोंगाट बाहेरच राहिला असता. एफटी८ मध्ये असे ८ सूर असतात, एकमेकांपासून ६.२५ हर्ट्झवर, आणि १२.६४ सेकंदांत ७९ वेळा त्यातला एकेक वाजतो. स्क्रीनवर सिग्नलपुढं वजा २० (डेसिबल) आकडा दिसला तर २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट सिग्नलच्या १०० पट आहे. पण सॉफ्टवेअर ६.२५ हर्ट्झच्या फटीतनं बघतं, तिथं गोंगाटाचा ४०० वा हिस्साच येतो, म्हणजे सिग्नलच चौपट भरतो! जादू नाही, भागाकार आहे.

तरी काही सूर चुकतातच. त्याचा इलाज गूळ मार्केटातल्या अडत्याच्या वहीसारखा. आडवी बेरीज, उभी बेरीज दोन्ही लिहिलेल्या असल्या की मधला एखादा आकडा पुसला तरी काढता येतो. इथं निरोप ७७ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), त्यावर १४ बिट तपासणीचे आणि ८३ बिट अशा एकमेकांत गुंतलेल्या बेरजांचे, एकूण १७४. प्रत्येक सुरात ३ बिट म्हणून ५८ सूर त्यात गेले आणि उरलेले २१ नुसते ताळमेळाला, निरोप नेमका कुठं सुरू झाला ते कळायला. बेरजा जुळेपर्यंत सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा अंदाज बांधतं आणि १४ बिटांची तपासणी पास झाली तरच ओळ दाखवतं.

पण ७७ बिटांत मावतं किती? कॉलसाइन, नकाशावरचा आपल्या जागेचा चौकोन (कोल्हापूरचा एमके७६), सिग्नलचा आकडा. स्वतःचा मजकूर लिहायचा तर फक्त १३ अक्षरं, तीही इंग्रजी. पुरात "दुसऱ्या मजल्यावर आजी आहेत, बोट पाठवा" हे यातनं जात नाही, त्याला साधं वॉकीटॉकीवर बोलणंच बरं.

माझी अँटेना म्हणजे टाकीपासनं नारळापर्यंत बांधलेली ३३ फूट तार, १४ मेगाहर्ट्झसाठी. पवनचक्क्यांनी पाऊस पळतो म्हणणारी मंडळी आता या तारेकडं बोट दाखवतात. अहो, मग गगनबावड्यात एवढा कोसळतो तो कुणाला विचारून!

आणि पहिल्या दिवशी मी संध्याकाळभर कोरी स्क्रीन बघत बसलो होतो. तार हलवली, वायर बदलली, रेडिओला शिव्या घातल्या. एफटी८ मध्ये सगळ्या जगाचे निरोप घड्याळाच्या दर १५ सेकंदांच्या ठोक्यावरच सुरू होतात आणि माझ्या लॅपटॉपचं घड्याळ ४ सेकंद मागं होतं.