ग्रॉगी

अर्धवट गुंगीत असलेल्या, तोल नीट सावरता न येणाऱ्या माणसासाठी वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. डोके जड, जीभ सुस्त, पाय लटपटते. शुद्ध असते, पण अंगावर ताबा नसतो. अपुरी झोप, भूल, झोपेची गोळी, ताप किंवा डोक्याला बसलेला मार, यांपैकी कशानेही ही अवस्था येते.

शब्दाचे मूळ एका कापडात आहे. रेशीम, मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि लोकर यांच्या मिश्रणाचे, बऱ्याचदा डिंकाने ताठ केलेले जाडेभरडे कापड म्हणजे ‘ग्रोग्रॅम’; हे नाव ‘जाड पोत’ या अर्थाच्या ‘ग्रो ग्रँ’ या फ्रेंच शब्दांवरून आले. ब्रिटिश नौदलाचा अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन या कापडाचा झगा वापरी, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत.

त्या काळी वेस्ट इंडीजमधल्या जहाजांवर खलाशाला रोज अर्धा पाइंट (सुमारे पाव लिटर) निखळ रम मिळे. काही जण ती एका दमात घशाखाली घालत. काही साठवून ठेवून एखाद्या दिवशी मनसोक्त पीत. ऑगस्ट 1740 मध्ये व्हर्ननने हुकूम काढला : अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे चौपट पाणी घालावे आणि ते दिवसातून दोनदा वाटावे. मिश्रण डेकवर, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटसमोर, त्यासाठीच ठेवलेल्या पिंपात करायचे. खलाशाच्या वाट्यातले कुणी मारू नये, हाही त्यामागचा हेतू होता. पाणी घातलेली रम फार टिकत नसल्याने साठवणूकही अवघड झाली. खलाशांनी या पेयाला अ‍ॅडमिरलचेच नाव दिले : ग्रॉग. रमचा हा रोजचा वाटा ब्रिटिश नौदलात 31 जुलै 1970 पर्यंत चालू होता.

‘ग्रॉगी’ 1770 पासून आढळतो, तो ‘ग्रॉग पिऊन झोकांड्या खाणारा’ या अर्थाने. दारूचा संबंध सुटला तो मुष्टियुद्धाच्या रिंगणात. ठोसे खाऊन डुलणाऱ्या मल्लाची चाल दारुड्यासारखीच दिसते, आणि 1832 च्या सुमारास नुसत्या ‘लटपटत्या’ माणसालाही हा शब्द लागू झाला. आज तो सर्वाधिक ऐकू येतो झोपेच्या संदर्भात. गाढ झोपेतून एकदम उठवल्यास मेंदू पूर्ण जागा व्हायला बहुधा 15 ते 30 मिनिटे लागतात. म्हणूनच दुपारची डुलकी 20 मिनिटांत आटोपली तर माणूस ताजा उठतो, तासाभराने उठवले तर बधिर.

मराठीत याला एक नेमका प्रतिशब्द नाही. ‘पेंग’ झोपेच्या अलीकडची, ‘भोवळ’ अचानक येणारी, ‘झिंग’ नशेची. ‘गुंगी’ सर्वांत जवळची, पण तिच्यात तोल जाणे येत नाही. ते वेगळे सांगावे लागते. भूल दिलेल्या रुग्णाबद्दल डॉक्टर ‘ग्रॉगी’ म्हणाले, तर ‘नशेत आहे’ हे भाषांतर सरळ चुकीचे ठरते. ‘अजून गुंगी आहे, उठताना आधार द्या’ असे नातेवाइकांना सांगितले, की दोन्ही अर्थ पोहोचतात.