कोळसा पाणी गाळत नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या एका काकांनी, कपाशीच्या काड्यांच्या कोळशाने पाणी शुद्ध होते अशी बातमी वाचून, तसा मूठभर कोळसा तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी त्यात टीडीएस मीटर बुडवले. आकडा उतरण्याऐवजी चढला होता. सगळ्या थापा आहेत, असा निकाल देऊन काका मोकळे झाले. परंतु चूक मीटरची नव्हती आणि कोळशाचीही नव्हती. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. वनस्पतीच्या कोळशात थोडी राख असते, तिच्यातील पोटॅशियमचे क्षार पाण्यात उतरतात आणि आकडा वाढतो. उलट त्याच पाण्यात घातक प्रमाणात कीटकनाशक मिसळलेले असते, तरी या मीटरला त्याचा पत्ता लागला नसता.

गोंधळाचे मूळ ‘गाळणे’ या शब्दात आहे. फडके कण अडवते, पण विरघळलेल्या रंगाचा रेणू एखाद्या नॅनोमीटरएवढा असल्याने फडक्यातून सहज निसटतो. कोळसा त्याला अडवत नाही, तर आपल्या पृष्ठभागावर बसवून घेतो. या क्रियेला पृष्ठशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत शोषून घेतो ते शोषण. येथे मात्र सारा व्यवहार पृष्ठभागावरच चालतो. कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो, हे १७८५ मध्ये रशियात लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते.

काडीकचरा हवा जवळजवळ बंद ठेवून साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सियसला तापवला, की वायू आणि डांबरी द्रव्ये निघून जातात आणि वनस्पतीच्या नळ्यांचा, पेशीभित्तिकांचा काळा सांगाडा उरतो. यालाच बायोचार म्हणतात. चांगल्या भाजलेल्या १ ग्रॅम बायोचारमधील सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्या ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे बॅडमिंटनची साडेतीन मैदाने व्यापतील इतक्या भरू शकतात.

या भिंतींवर जे घडते ते पंगतीसारखे आहे. पाट मोजके मांडलेले असतात, एका पाटावर एकच पाहुणा बसतो, कोणी उठतो तर कोणी बसतो, आणि उठणारे व बसणारे सारखे झाले की पंगत स्थिरावली असे आपण म्हणतो. अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये वायूंच्या पृष्ठशोषणासाठी मांडलेल्या समीकरणाचा आशय हाच होता. पृष्ठरसायनातील कामासाठी त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्याने सगळे पाट सारखे मानले होते. बायोचारमध्ये ते सारखे नसतात आणि खरी गंमत तेथेच आहे. कमी तापमानाला भाजलेल्या कोळशावर ऑक्सिजनयुक्त कार्बॉक्सिल व फिनॉल गट टिकून राहतात, आणि ते शिसे किंवा कॅडमियमचे धनभारित आयन धरून ठेवतात. तापमान वाढवले की हे गट तुटून जातात, कार्बनची षट्कोनी जाळी पसरते आणि तिच्यावर बेंझिनसारखी वलये असलेले रेणू चपटे होऊन चिकटतात. त्यातच प्रत्येक कोळशाचा एक ठरावीक सामू (पीएच) असतो, ज्यावर त्याच्या पृष्ठभागाचा एकूण विद्युतभार शून्य असतो. पाण्याचा सामू त्याहून जास्त असेल तर पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि कमी असेल तर धनभारित. म्हणजे एकाच कोळशाचे वागणे पाणी बदलले की बदलते.

अनेक शोधनिबंधांत ऊर्ध्वपातित पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालून कोळशाची चाचणी घेतात. हा रेणू धनभारित आणि वलयांचा, म्हणजे पंगतीत न बोलावता येऊन बसणारा पाहुणा. सुती कापडाला लावण्याचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यामुळे कपाशीच्या काडीचा कमी तापमानाचा कोळसा नेमका कापसाच्या रंगालाच दूर लोटू शकतो. फ्लोराइडही ऋणभारित असल्याने उत्तर गुजरातच्या भूजलातील फ्लोराइडवर साध्या बायोचारचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी त्यावर लोहाची किंवा ॲल्युमिनियमची संयुगे चढवावी लागतात. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर कोळशाचा तुकडाही दाराला टांगतात. तो स्वयंपाकघरातला थोडाफार वास धरत असेल. दृष्टीला विद्युतभार नसल्याने बाकी काही धरण्याची शक्यता दिसत नाही. बाटलीबंद ‘डिटॉक्स चारकोल’ विकणाऱ्यांचे दावेही मी त्याच दोरीला बांधतो.

वडोदऱ्याच्या आसपासच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाकडे सोडले जाते. अशा पाण्यात क्षार, तेलकट द्रव्ये आणि अनेक प्रकारचे रेणू एकाच वेळी पाटांसाठी भांडतात, त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा तेथे जसाच्या तसा मिळत नाही. तरीही ज्या काड्या कापूस वेचून झाल्यावर शेतात पेटवून दिल्या जातात, त्यांच्यापासून स्वस्तात कोळसा मिळतो, हे आकर्षण खोटे नाही. अडचण वापरानंतर येते. कोळसा प्रदूषक नष्ट करत नाही, त्याची जागा बदलतो. रंगांनी भरलेला कोळसा योग्य भट्टीत जाळता येतो. शिसे किंवा कॅडमियमने भरलेला कोळसा मात्र घातक कचऱ्यासाठी अस्तर घालून तयार केलेल्या खड्ड्यातच टाकावा लागतो, आणि तो खत म्हणून शेतात पसरला तर पाण्यातले शिसे मातीत येते. काकांचा तो कोळसा, निरुपद्रवी असल्याने, आता तुळशीच्या कुंडीत आहे.