सक्तीच्या सेवानिवृत्तीला आव्हान: मॅटमध्ये जाण्यापूर्वी आदेशातला नियम वाचा

वयाच्या ५०/५५ वर्षांच्या आढाव्यात 'अपात्र' ठरवून घरी पाठवलेला राज्य शासनाचा कर्मचारी पहिली तक्रार करतो ती अशी: मला बाजू मांडायची संधीच दिली नाही. तक्रार खरी असते, पण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, ती सगळ्यात लंगडी ठरते. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी आदेशात कोणता नियम नमूद केला आहे तो पाहावा.

तिथे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १०(४) किंवा ६५ असेल, तर ती लोकहितासाठी केलेली मुदतपूर्व निवृत्ती. गट अ आणि ब मध्ये ३५ वर्षांच्या आत सेवेत आलेल्यांना ५० व्या वर्षानंतर, इतरांना साधारणपणे ५५ नंतर ती लागू होते. नियम ६५ खाली ३० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर. तीन महिन्यांची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन-भत्ते द्यावे लागतात. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळत असल्याने कायदा याला शिक्षा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बैकुंठनाथ दास प्रकरणात स्पष्टच सांगितले की, इथे सुनावणी द्यावीच लागते असे नाही, आणि गोपनीय अहवालातला, कर्मचाऱ्याला न कळवलेला प्रतिकूल शेराही विचारात घेता येतो.

आदेश शिस्त व अपील नियम, १९७९ खाली असेल तर मात्र ती शिक्षाच आहे. मग दोषारोपपत्र, विभागीय चौकशी, बचावाची संधी हे सगळे व्हायलाच हवे. त्यात कसूर झाली असेल तर तिथेच बोट ठेवायचे. आधी ४५ दिवसांत विभागीय अपील करावे.

पहिल्या प्रकारात आदेश कोणत्या मुद्द्यांवर रद्द होतो? आकस, मनमानी, किंवा कोणतीही शहाणी व्यक्ती त्या कागदांवरून काढणार नाही असा निष्कर्ष. आणि सगळ्यात मजबूत मुद्दा म्हणजे चौकशी टाळण्यासाठी शोधलेली पळवाट. गुजरात शासन विरुद्ध उमेदभाई पटेल (२००१) या निकालात न्यायालयाने बजावले की, विभागीय चौकशीला जवळची वाट म्हणून हा अधिकार वापरता येणार नाही. प्रतिकूल शेरे असतानाही नंतर पदोन्नती दिली असेल, तर ती गोष्ट कर्मचाऱ्याच्या बाजूने धरली जाते. मार्च २०२२ मध्ये कॅप्टन प्रमोदकुमार बजाज या आयकर अधिकाऱ्याच्या सक्तीच्या निवृत्तीचा आदेश सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. नियत वयोमानाने निवृत्त व्हायला त्यांना जेमतेम चार महिने उरले होते. सरकारला एवढी कसली घाई होती, हा प्रश्न अशा प्रकरणात आपल्या अर्जातही ठळकपणे मांडावा.

पण नुसत्या पदोन्नतीवर विसंबू नका. २०१० च्या प्यारेमोहन लाल निकालानुसार पदोन्नतीमुळे जुने शेरे आपोआप धुतले जात नाहीत, आणि सचोटीबाबतचा एखादा शेराही पुरेसा ठरू शकतो.

कागद जमवताना मूळ आदेश आणि तो हातात पडल्याची तारीख, सेवापुस्तकाचा उतारा, पदोन्नतीचे आदेश, गोपनीय अहवालांच्या प्रती आणि ५०/५५ चा आढावा घेणाऱ्या पुनर्विलोकन समितीचे इतिवृत्त एवढे तरी हवेतच. शेवटची दोन मिळाली नसतील तर लगेच माहितीच्या अधिकारात मागावीत. खरी लढाई इतिवृत्तावर होते: समितीने पूर्ण सेवाकाळ पाहिला की दोन वाईट वर्षे उचलून धरली, ते तिथे दिसते. प्रत्येक वर्षाची प्रतवारी एका तक्त्यात मांडली तर न्यायाधिकरणाच्या सदस्यांनाही ते चटकन दिसते.

अर्जाआधी आदेशाविरुद्ध दिलेल्या मुदतीत अभिवेदन (फेरविचाराची लेखी विनंती) द्यावे आणि पोच सांभाळून ठेवावी. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे उपलब्ध विभागीय मार्ग सहसा आधी वापरावे लागतात. अंतिम उत्तरापासून एक वर्षात कलम १९ खाली मूळ अर्ज दाखल करायचा. सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजतात. स्मरणपत्रे पाठवत बसल्याने मुदत वाढत नाही, यात अनेकजण फसतात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागते.

मॅट मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते. वकील न देता स्वतःही बाजू मांडता येते. निकाल विरोधात गेला तर १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानुसार उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट याचिका करता येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी कॅटकडे (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) जायचे. त्यांचा आदेश मूलभूत नियम ५६(जे) खाली निघतो. न्यायालयीन कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, जिल्हा परिषद किंवा महापालिकेतल्यांचाही मार्ग वेगळा असतो.

दाद मागत असतानाच निवृत्तिवेतनाची कागदपत्रे समोर येतील. ती अडवून ठेवू नका. 'आदेशाला आव्हान देण्याचा हक्क राखून' असे लिहून सही करा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा.