अतारांकित प्रश्न (संसदीय कार्यपद्धती)

अतारांकित प्रश्न : संसद किंवा विधिमंडळाच्या सदस्याने मंत्र्याला विचारलेला आणि ज्याचे उत्तर केवळ लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते असा प्रश्न. तोंडी उत्तर हवे असेल तर सदस्य आपल्या सूचनेवर तारांकनाची खूण करतो. खूण नसेल तर प्रश्न अतारांकित. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्नांचा भडिमार होऊ शकतो. अतारांकित प्रश्नावर पूरक प्रश्न नाही, गदारोळ नाही, मंत्र्याची अडचणही दिसत नाही. त्यामुळे वर्तमानपत्रांत तो क्वचितच गाजतो. पण सरकारकडून छापील, तारीखवार आणि मंत्र्याच्या नावावर नोंदलेली माहिती काढून घ्यायची असेल, तर सदस्याच्या हाती याहून चांगले हत्यार नाही.

मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते (राज्यघटना, अनुच्छेद ७५), तसेच राज्यात ते विधानसभेला जबाबदार असते (अनुच्छेद १६४). ही जबाबदारी अविश्वास ठरावाच्या वेळी ठळकपणे दिसते, पण तो प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही. रोजच्या व्यवहारात ती प्रश्नांमधूनच वसूल होते.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवट असेल तर त्या राज्याविषयी आणखी २५ अतारांकित प्रश्नांची सोय आहे. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० असे आहेत. लोकसभेत एका सदस्याचे एका दिवसाच्या याद्यांत जास्तीत जास्त पाच प्रश्न येऊ शकतात, त्यांपैकी तारांकित एकच. कोणाचा प्रश्न कितव्या क्रमांकावर, हे सोडतीने ठरते. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला वार नेमून दिलेले असतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे खात्याला तयारीला वेळ मिळतो. तारांकित यादीतल्या २० प्रश्नांपैकी तासाभरात मोजकेच चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरेही लेखीच पटलावर जातात. म्हणजे एरवी गाजणाऱ्या प्रश्नोत्तराच्या तासातलीही बहुतेक उत्तरे शेवटी कागदावरचीच असतात.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क भारतात १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने आला. त्याआधीच्या १८६१ च्या कायद्यात तो नव्हता. तोही मिळाला तो अडखळत: पूरक प्रश्नाला मज्जाव, आणि कारण न देता प्रश्न नाकारण्याची मुभा. मध्यवर्ती कायदेमंडळात १८९३ मध्ये पहिला प्रश्न विचारला तो भिंगा (आजच्या उत्तर प्रदेशातील) येथील राजांनी. विषय होता दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा जाच. साम्राज्याच्या धोरणावर नव्हे, तर दुकानदाराच्या तक्रारीवर पहिला प्रश्न यावा, हे या साधनाच्या स्वभावाला धरूनच झाले. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो हक्क इतर सदस्यांनाही मिळाला. एका अर्थी लेखी उत्तरापुरता मर्यादित प्रश्न हेच या हक्काचे मूळ रूप. तोंडी उलटतपासणी मागाहून आली.

प्रश्नाचा मसुदा हे खरे कसब. लोकसभेच्या नियमांनुसार (नियम ४१) प्रश्न साधारणतः १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणे नकोत. मत विचारायचे नाही. न्यायप्रविष्ट बाब आणायची नाही. सहज उपलब्ध असलेल्या दस्तऐवजातली माहिती मागायची नाही. आणि विषय मुळात भारत सरकारच्या अखत्यारीतला हवा. शेवटच्या अटीवर पुष्कळ प्रश्न गळतात, कारण कायदा-सुव्यवस्थेसारखे विषय राज्यांचे. स्वीकृतीचा निर्णय अध्यक्षांचा आणि तो अंतिम.

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नाची ठेवण मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. ‘अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेचे काम निधी उपलब्ध असूनही रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ही पठडी कंटाळवाणी वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ ही दोन दारे आधीच रोखून धरलेली असतात. चौकशी झाली म्हटले तर निष्कर्ष सांगावा लागतो, झाली नाही म्हटले तर कारण. त्यावर खात्याचीही ठरलेली भाषा आहे: ‘होय’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती घेण्यात येत आहे’, आणि सर्वांत उपयोगी ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या उपप्रश्नाला ‘नाही’ म्हटले की पुढच्या तिन्हींना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून मोकळे होता येते. म्हणून अनुभवी सदस्य पहिला उपप्रश्न असा बेततो की त्याला ‘नाही’ म्हणणे खात्याला जड जावे: शासन निर्णयाचा क्रमांक, मंजूर रक्कम, पत्राची तारीख.

संसदेतल्या उत्तरांत दुसरी एक युक्ती दिसते. प्रश्नाचे पाच भाग असतात आणि उत्तर येते ते सगळे भाग एकत्र करून. मग योजनेची उद्दिष्टे, राज्यांना पाठवलेली मार्गदर्शक तत्त्वे, समित्यांची नावे असा दीड पानांचा मजकूर असतो आणि ज्या भागाचे उत्तर अवघड होते तोच त्यात हरवलेला असतो. असे उत्तर वाचताना प्रश्न शेजारी ठेवून एकेक भाग खोडत जाणे हाच उपाय. जे खोडता येत नाही तीच बातमी असते.

सप्टेंबर २०२० चे पावसाळी अधिवेशन याचा चांगला नमुना आहे. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला आणि केवळ अतारांकित प्रश्न उरले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय, असे लोकसभेत विचारण्यात आले. श्रम मंत्रालयाने १४ सप्टेंबरला उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. भरपाईचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांतल्या मृत्यूंविषयी विचारण्यात आले, तेव्हा राज्यांच्या पोलिसांच्या माहितीआधारे ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे एकाच सरकारची. फरक पडला तो प्रश्न कोणत्या खात्याला आणि किती नेमका विचारला यामुळे. मात्र पहिले उत्तर वाया गेले असे म्हणता येत नाही. ‘आकडेवारी नाही’ ही कबुलीच पुढे कितीतरी दिवस सरकारला चिकटली.

पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंवर आरोग्य मंत्रालयाने राज्यसभेत दिलेले उत्तर शब्दांच्या निवडीसाठी लक्षात राहिले. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद राज्ये कळवतात, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, अशी त्याची मांडणी होती. मृत्यू झाले नाहीत, असे त्यात कुठेही म्हटले नव्हते. तांत्रिकदृष्ट्या चूक काढता येऊ नये आणि तरीही वाचणाऱ्याचा संताप व्हावा, असे ते उत्तर. वाद मग केंद्राकडून राज्यांकडे सरकला: तुम्ही काय कळवले होते?

उत्तर तयार होते ते मात्र मंत्र्याच्या टेबलावर नव्हे. विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्न संबंधित विभागाच्या कार्यासनात (तो विषय हाताळणाऱ्या शाखेत) येतो, तिथून क्षेत्रीय कार्यालयाकडे माहिती मागवली जाते, कक्ष अधिकारी मसुदा करतो, मग नस्ती (फाइल) अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांच्या मान्यतेला जाते. अधिवेशनाच्या दिवसांत मंत्रालयात ‘एलएक्यू’ (विधानसभा प्रश्नाचे इंग्रजी लघुरूप) हा शब्द उच्चारला की बाकीची कामे बाजूला पडतात, ते यामुळेच. माझ्या मते प्रश्नाचा निम्मा परिणाम याच प्रवासात होतो. दोन वर्षे ज्या अर्जाकडे कोणी पाहिले नाही, त्याची नस्ती प्रश्न आल्यावर शोधली जाते, आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ असे खरेपणाने लिहिता यावे म्हणून कधीकधी कार्यवाही खरोखर सुरू होते. तारांकित प्रश्नासोबत मंत्र्यासाठी पूरक टिपणी जोडावी लागते, अतारांकिताला ती लागत नाही. तेवढाच विभागाला दिलासा. अतारांकित उत्तरे उशिरा येतात, ही राज्याच्या विधिमंडळातली जुनी तक्रार आहे, आणि मुद्दा शिळा झाल्यावर आलेले उत्तर बिनचूक असले तरी त्याचा उपयोग थोडाच.

असमाधानकारक उत्तराचे पुढे काय? लोकसभेत नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. ती अतारांकित उत्तरावरूनही निघू शकते. मंत्र्याचे विधान चुकीचे असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ते निदर्शनास आणता येते. हेतुपुरस्सर दिशाभूल केल्याचे सिद्ध झाले तर हक्कभंग होतो, पण हेतू सिद्ध करणे जवळपास अशक्य असल्याने बहुतेक वेळा मंत्री दुरुस्तीचे निवेदन करून सुटतो. मंत्र्याला घरी पाठवण्याची ताकद लेखी उत्तरात फारशी नाही, हे मान्य करायला हवे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर लोकसभेत प्रश्न आले, पण वित्तमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा १९५८ मधला राजीनामा घडून यायला खासदार फिरोज गांधींचे सभागृहातले भाषण आणि न्या. छागला यांची जाहीर चौकशी लागली.

लेखी उत्तराचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे त्यातले आश्वासन. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ अशी वाक्ये मंत्री सहज लिहून जातात. त्यांचा पाठपुरावा व्हावा म्हणून ग. वा. मावळंकर अध्यक्ष असताना, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेची शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. राज्यसभेची समिती १९७२ मध्ये आली, आणि महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. कोणती शब्दरचना आश्वासन समजायची याची यादीच समितीने ठरवून ठेवली आहे. पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते, ती वाढवून मागितली जाते, आणि वर्षे लोटतात. तरी लोकसभा विसर्जित झाली म्हणून प्रलंबित आश्वासन व्यपगत (रद्दबातल) होत नाही. नवी समिती ते पुढे चालवते.

माहिती अधिकाराशी या प्रश्नांचे जवळचे नाते आहे. २००५ च्या मूळ कायद्यात कलम ८ मध्ये असे परंतुक (कलमाला जोडलेली अट) होते की, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सदस्याचा मान नागरिकाच्या अर्जालाही लाभावा, हा त्यामागचा विचार.

इतरत्र हे साधन वेगवेगळ्या रूपांत आढळते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात लेखी उत्तराची पद्धत १९०२ पासून रुळली. तिथे उत्तर शोधण्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल तर मंत्री उत्तर नाकारू शकतो. जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये (संसदेत) सदस्य महिन्याला चार लेखी प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर आठवड्यात अपेक्षित असते. त्या वेगाचा हेवा वाटतो.

या हक्काचा बाजारही झालेला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे छुप्या चित्रीकरणातून उघड झाल्यावर २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती कारवाई वैध ठरवली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रश्न दाखल करण्याच्या पोर्टलचा पासवर्ड बाहेरच्या व्यक्तीला दिल्यावरून लोकसभेच्या एका सदस्याला सदस्यत्व गमवावे लागले. लाच घेतल्याचा आरोप मात्र त्यांनी नाकारला. उद्योगसमूहांना प्रतिस्पर्ध्याविषयीची माहिती सरकारी शिक्क्यासह हवी असते, आणि अतारांकित प्रश्न कोणी विचारला याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.