एलएसयू टायगर्सचा २०१९ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेतील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एलएसयू) अमेरिकन फुटबॉल संघाचा अपराजित हंगाम. बॅटन रूज येथील या विद्यापीठाने त्या वर्षी पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि १९५८, २००३ व २००७ नंतरचे चौथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. संघाने एकूण ७२६ गुण केले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत एका हंगामात इतके गुण तोवर कोणीच केले नव्हते.

एलएसयूची ख्याती तोपर्यंत कडव्या बचावाची. आक्रमण म्हणजे चेंडू घेऊन गर्दीतून रेटत जाणे, हवेतून पास क्वचितच. २०१८ मध्ये अलाबामा विद्यापीठाने याच संघाला घरच्या मैदानावर २९–० असे धुतले होते. प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी मग न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या तरुण सहायकाला आणले. ब्रेडी आणि आक्रमणाचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर यांनी खेळाडू मैदानभर पसरवून झटपट पास देण्याची पद्धत बसवली. ती पेलायला क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, जो बरो होता. ओहायो स्टेट विद्यापीठात बाकावर बसून कंटाळलेला हा खेळाडू २०१८ मध्ये एलएसयूत आला. पहिल्या वर्षी त्याचे टचडाउन पास (ज्यांवर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचून सहा गुण मिळतात) होते १६. २०१९ मध्ये ६०, आणि पासने कापलेले अंतर ५,६७१ यार्डे. एवढी झेप या खेळात अपवादानेच दिसते.

नव्या पद्धतीची खरी परीक्षा ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध झाली. या खेळात दहा यार्डे पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एलएसयूकडे सहाच गुणांची आघाडी, जेमतेम अडीच मिनिटे शिल्लक, तिसरा प्रयत्न आणि अजून १७ यार्डे बाकी. जुन्या एलएसयूने इथे वेळ काढून चेंडू सोडून दिला असता. बरोने धावून येणाऱ्या बचावपटूंना हुलकावणी देत जस्टिन जेफरसनला पास दिला आणि ६१ यार्डांचा टचडाउन झाला. सामना ४५–३८ असा सुटला.

ऑबर्नने मात्र त्यांना २३ गुणांवर रोखले. तो सामना तीन गुणांनीच हाती लागला. नोव्हेंबरमध्ये टस्कलूसात, अलाबामाच्याच मैदानावर, त्यांच्यावर ४६–४१ असा विजय मिळाला, २०११ नंतरचा पहिलाच. आदल्या वर्षी सात जादा डावांनंतर ७४–७२ असे हरवणाऱ्या टेक्सास ए अँड एमचा हिशेब ५०–७ असा चुकता केला गेला. परिषदेच्या, म्हणजे एलएसयू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाच्या, अंतिम सामन्यात जॉर्जिया ३७–१० असा गारद झाला.

डिसेंबरमध्ये बरोला वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन करंडक मिळाला. भाषणात त्याने ओहायोतील आपल्या अथेन्स परगण्यातल्या उपाशीपोटी घरी जाणाऱ्या मुलांचा उल्लेख केला, आणि तिथल्या अन्नवाटप केंद्रासाठी काही दिवसांत पाच लाख डॉलर जमले.

राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या दिवशीच लुइझियानात विमान कोसळून एन्समिंगर यांच्या सुनेचा मृत्यू झाला. तरीही ते सामन्यात डावपेच सांगत राहिले. मध्यंतरापूर्वीच बरोचे सात टचडाउन पास झाले, त्यांतले चार जेफरसनला, निकाल ६३–२८. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समधील अंतिम सामन्यात, म्हणजे जवळजवळ घरच्याच प्रेक्षकांसमोर, सलग २९ सामने न हरलेल्या क्लेमसनने १७–७ अशी आघाडी घेतली होती. तरी एलएसयूने ४२–२५ अशी बाजी मारली.

हा महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम संघ होता काय, यावर वाद चालू असतो. आक्रमणापुरते बोलायचे तर त्याच्या तोडीची नावे फार नाहीत. पण घडी वर्षभरच टिकली. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी निवडले, त्यांत बरो अगदी पहिला. ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. पुढच्या हंगामात एलएसयूने पाच सामने जिंकले, पाच गमावले, आणि २०२१ च्या हंगामानंतर ऑर्जेरॉन यांनाही पद सोडावे लागले.