याखिमोव्ह

याखिमोव्ह : चेक प्रजासत्ताकाच्या कार्लोव्ही वारी विभागातील डोंगरी गाव. जर्मन नाव योआखिमस्ताल (योआखिमचे खोरे). लोकसंख्या तीन हजारांहून कमी. जर्मनीच्या सीमेलगतच्या क्रुश्ने होरी पर्वतरांगेत, कार्लोव्ही वारीच्या उत्तरेस सुमारे २० किमी.वर ते वसले आहे. रांगेतील सर्वोच्च शिखर क्लीनोव्हेत्स (१,२४४ मी.) जवळच आहे. खोरे इतके चिंचोळे की वस्ती रुंदीत पसरली नाही, चढाच्या रस्त्याने लांबत गेली. खाली उपचारांची स्नानगृहे, वर जुने गाव आणि चर्च.

चांदीच्या शिरा सापडल्यावर काउंट श्टेफान श्लिक याने १५१६ मध्ये गाव वसविले. सीमेपलीकडे जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ॲनाबेर्ग हे संत ॲनाच्या नावाचे खाणगाव आधीच होते. तिच्या पतीचे, म्हणजे येशूची आई मेरी हिच्या पित्याचे, योआखिम हे नाव या खोऱ्याला मिळाले. १५३०च्या दशकात वस्ती सुमारे १८,००० झाली; बोहीमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) प्राग तेवढे याहून मोठे होते. खाणींवरील जाणकार गेओर्ग आग्रिकोला १५२७ पासून काही वर्षे येथे वैद्य होता.

येथील टांकसाळीच्या आरंभाविषयी एकमत नाही. बोहीमियाच्या सभेने श्लिक घराण्याला नाणी पाडण्याचा हक्क जानेवारी १५२० मध्ये दिला. पण वर्ष न कोरलेली काही नाणी त्याआधीची, बहुधा १५१९ ची असावीत, असे काही नाणकशास्त्रज्ञ मानतात. परवानगी नंतर आली, टांकसाळ आधी चालू झाली, हे श्लिकांच्या धडाडीशी सुसंगत आहे. एका बाजूस संत योआखिम, दुसऱ्या बाजूस बोहीमियाचा सिंह व राजा लुई याचे नाव, असा या नाण्यांचा थाट असे. चांदीचे असे मोठे नाणे आल्प्समधील टिरोल प्रांतात १४८६ मध्येच निघाले होते; तेव्हा पहिलेपणाचा मान याखिमोव्हला देता येत नाही. नाव मात्र येथलेच रुजले : योआखिमस्तालर, मग नुसते टालर आणि त्यावरून डॉलर. श्टेफान १५२६ मध्ये हंगेरीत तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत मारला गेला. पुढे फर्डिनांड राजाने टांकसाळ घराण्याकडून काढून घेतली.

चांदी आटल्यावर गाव ओसरले. चांदीच्या शिरेसोबत पिचब्लेंड हे युरेनियमचे काळे, जड खनिज लागे. त्याच्या जर्मन नावातील ‘पेख’ या शब्दाचा अर्थ डांबर आणि दुर्दैव असा दोन्ही. खाणकामगारांनी कोणता धरला, हे ठरविणे कठीण. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोटने १७८९ मध्ये ज्या पिचब्लेंडमधून युरेनियम ओळखले, ते येथले असल्याचे कधीकधी सांगतात. सॅक्सनीतील योहानगेओर्गेनश्टाट हे उगमस्थान अधिक संभवते. एकोणिसाव्या शतकात काच व चिनी मातीच्या भांड्यांचे रंग करण्यासाठी येथील युरेनियम वापरीत. ते काढून घेतल्यावर उरलेला तपकिरी चोथा पाइनवृक्षांच्या सुयांसकट पोत्यांतून पॅरिसला गेला. मारी व प्येर क्युरी यांनी त्यातून रेडियम वेगळे केले.

रेडॉन या किरणोत्सारी वायूने युक्त पाण्याचे उपचार १९०६ मध्ये सुरू झाले. खाणकामगारांना जडणारा ‘डोंगरी आजार’ म्हणजे प्रामुख्याने फुप्फुसांचा कर्करोग, हेही विसाव्या शतकात स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आले. सोव्हिएट संघासाठी युरेनियम काढण्यास साम्यवादी राजवटीने राजबंद्यांसह हजारो कैदी छावण्यांत राबविले. हे खाणकाम १९६४ मध्ये थांबले. येथील स्व्होर्नोस्त खाण मात्र चालूच आहे. आता तिच्यातून स्नानगृहांसाठी पाणी उपसतात. २०१९ मध्ये हा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.